मच-मेनी सर

नारायणगावच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आमच्या सरांबरोबर चहा प्यायला सहसा कुणी जात नसे. चहा वाईट नव्हता, पण सर तो धड सांगू देत नसत. बरोबरच्या माणसाने "दोन चहा" म्हटलं की सर गल्ल्याकडे वळून दुरुस्ती करत.

"दोन कप चहा. चहा दोन नसतो, कप दोन असतात."

हॉटेलवाला गल्ल्यावरून मान वर न करता म्हणे, "सर, कप माझ्याकडं चाळीस हायेत. चहा किती जणांना द्यायचा त्येवढं बोला."

"दोघांना."

"मंग दोन चहाच झालं की वो!"

शाळेतली मुलं त्यांना मच-मेनी म्हणत. जे मोजता येतं त्याला मेनी, जे मोजता येत नाही त्याला मच. पाठ कोणताही असो, कविता असो की पत्रलेखन, तासाच्या दहाव्या मिनिटाला सर या वाटेला लागणारच. वारूळवाडीच्या आमच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आज त्या गावात चाळिशीतला कुठलाही माणूस थांबवून 'फर्निचर' म्हणा. तो आधी म्हणेल 'अनकाउंटेबल', आणि मग विचारेल काय काम आहे.

सर उंच, काटकुळे, गळ्यात तुळशीची माळ. खांद्याला कायम एक खाकी पिशवी, आणि तिच्यात विटेएवढी जाड डिक्शनरी. त्या वजनाने त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलाय, असं मुलं म्हणत. डिक्शनरीशेजारी दोन बरण्या असत. एकीत हरभरे, दुसरीत ज्वारीचं पीठ. नवा वर्ग हाती आला की पहिल्या तासाला ते पुढच्या बाकावरच्या मुलाच्या एका तळहातावर हरभरे ठेवत आणि म्हणत, "मोज." तो मोजे. मग दुसऱ्या तळहातावर चिमूटभर पीठ. "आता हे मोज." वर्ग हसायला लागला की सर गंभीर होत.

"हसू नका. निम्मं इंग्रजी या दोन हातांत आहे."

एकदा ते पिशवीतून तांदूळ घेऊन आले. राईस अनकाउंटेबल असतो, हे सांगायचं होतं. मागच्या बाकावर मेंढरं राखणाऱ्या घरातला एक मुलगा बसायचा. त्याने सरांकडून मूठभर तांदूळ मागून घेतले आणि तास संपेपर्यंत खाली मान घालून बसला. घंटा झाल्यावर उभा राहून म्हणाला, "सर, तीनशे बारा. आन तीन तुकडं येगळं."

दुसरे कुणी मास्तर असते तर कान धरला असता. सर खूश झाले. त्यांनी ते तांदूळ त्याच्या हातून परत घेतले, नीट पुडीत बांधले आणि म्हणाले, "तुला मोजता येतात. मलाही येतील. पण इंग्रज मोजत नाही."

"का न्हाई मोजत?"

"त्याची लहर. त्याच्या लहरीला आपण व्याकरण म्हणतो आणि पाठ करतो."

इंग्रजी शिकवायचे पण इंग्रजीचा तोरा त्यांना नव्हता. उलट ते म्हणत, आपली माणसं दाण्यादाण्याला ओळखतात. गहू चांगले निघाले, तांदूळ निवडले, पोहे भिजवले. सगळं कसं अनेकवचनात. आणि इंग्रज खळ्यावर गव्हाची रास पडली तरी तिला एकट्या माणसासारखी हाक मारतो. हे सांगताना त्यांना मनापासून वाईट वाटायचं, जणू इंग्रजांच्या घरात गव्हाला कुणी विचारतच नाही.

अशा माणसाच्या हातून माझी शाळा सुटली होती. आणि त्याच माणसाने ती परत जोडली. ते कसं झालं, ते सांगते.

आमचं घर डिंभ्याला, धरणाच्या काठाला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांची थोडी भातशेती आणि धरणात मासेमारी. पुढच्या शिक्षणाला गाड्यांचा भरवसा नाही म्हणून आठवीपासून मला वारूळवाडीला मावशीकडे ठेवलं होतं. मावशी माणूस म्हणून चांगली होती. फक्त तिला आपल्या स्वयंपाकाचा फार अभिमान. तिच्या भाकरीला नाव ठेवलेलं तिने नवऱ्याचंही ऐकून घेतलं नव्हतं.

नववीच्या चाचणीत सरांनी प्रश्न घातला: खालील शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा. त्यात 'हेअर' होता. मला काही केल्या सुचेना. 'तिचे केस लांब आहेत' हे सगळेच लिहिणार, हे मला माहीत होतं. स्वतःच्या वाक्यात म्हटलंय तर स्वतःचंच लिहावं, असं वाटलं. त्या आठवड्यात खरंच झालेली गोष्ट मी लिहिली: 'आय फाऊंड टू हेअर्स इन माय भाकरी.' भाकरीला इंग्रजी शब्द सापडला नाही, म्हणून भाकरी तशीच ठेवली.

पेपर वाटताना सरांनी माझं वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते सगळ्यांच्याच चुका वाचत. "हेअरला एस लावलाय! डोक्यावर लाख असोत नाहीतर चार, हेअर अनकाउंटेबल. अर्धा मार्क गेला." पण वर्ग व्याकरणाला हसला नाही, भाकरीला हसला. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'टू हेअर' पडलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीत गेली आणि दिवेलागणीला मावशीकडे पोचली.

"माझ्या भाकरीत क्यास? आन त्ये बी दोन?" मावशी चुलीसमोरून उठलीच. "खायाच्या येळंला तोंड उघडलं न्हाईस, आन सगळ्या शाळंला लिवून दिलंस?"

तिने मला घालून पाडून बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिने बोलणंच सोडलं. रोज ताटात भाकरी ठेवायच्या आधी ती उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघायची, मग माझ्यासमोर टाकायची. शाळेत टू हेअर आणि घरात हे. महिनाभर मी कसाबसा काढला. दिवाळीच्या सुट्टीला निघाले तेव्हा दप्तर, पत्र्याची पेटी, अंथरूण, सगळं घेऊन निघाले. मावशीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणाले, मी आता जाणार नाही. दादा रागावले नाहीत. जाळं दुरुस्त करता करता म्हणाले, "ऱ्हायलं तर ऱ्हायलं. आयला हात हुईल तुजा." त्यांनी सहज म्हटलं, पण दोनच दिवसांनी आई शेजारणीला सांगत होती की माळीणकडच्या बाजूचे पावणे तुळशीचं लग्न झालं की येऊन बघून जाणार आहेत. मी चौदा वर्षांची होते. मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं वाटत होतं एवढंच.

इकडे सरांच्या घरी काय झालं, ते मला पुढे काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. दिवाळीनंतरच्या एका दुपारी सर जेवायला बसले होते आणि आमटीच्या वाटीत त्यांना केस दिसला. ते वाटीकडे बघत राहिले. काकू ओशाळून म्हणाल्या, "एकच हाय की वो. काढून टाका, दुसरी वाटी देते."

"काय म्हणालीस?"

"एकच क्यास हाय म्हनलं. दोन न्हाईत."

सर उष्ट्या हाताने तसेच उठले. डाव्या हाताने पिशवीतून डिक्शनरी काढली आणि जमिनीवर ठेवून पानं उलटू लागले. इंग्रजाच्या सूपात केस निघाला तर तो काय म्हणत असेल, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडला नव्हता. डिक्शनरीत स्पष्ट लिहिलं होतं: डोक्यावरचे सगळे मिळून अनकाउंटेबल, पण सुटा एक केस असेल तर काउंटेबल. ए हेअर. टू हेअर्स. खाली उदाहरणही होतं, कोटावर पडलेल्या दोन केसांचं.

काकू सांगायच्या, "मला वाटलं, क्यासापायी रागावलं. तर त्ये भिताडाकडं बघून बसल्यालं. म्हनलं, जेवा की. तर म्हनत्यात, त्या पोरीचं बरोबर व्हतं."

त्या दिवशी सर पुढे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घरातून निघाले. मंचरला गाडी बदलली. घोडेगावच्या पुढची गाडी सणामुळे आलीच नाही, म्हणून एका टेम्पोत बसले. टेम्पोवाल्याने धरणाच्या अलीकडच्या फाट्यावर सोडलं. तिथून चालत, लोकांना दादांचं नाव विचारत, दुपारी एकच्या सुमाराला ते आमच्या अंगणात उभे राहिले. खांद्याला तीच पिशवी. धोतरासारखी ढगळ पँट गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेली.

मी अंगणात मासळी वाळत घालत होते. सरांना बघून हातातली पाटी खाली ठेवली आणि घरात पळाले.

दादा बाहेर आले. "गुरुजी? तुमी? हितं?"

"तुमच्या मुलीचा मी अर्धा मार्क चुकून कापला," सर म्हणाले. राम राम नाही, पाणी नाही, उंबऱ्यावरच.

"किती?"

"अर्धा."

दादांनी आधी सरांच्या पायांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "आन त्येच्यापायी वारूळवाडीवरनं आलात?"

"आधीच महिना उलटून गेला," सर म्हणाले. "आणखी किती थांबायचं?"

आईने घोंगडी टाकली, पाणी दिलं. सरांनी डिक्शनरी काढून दादांच्या पुढ्यात उघडली आणि बोट ठेवून दाखवलं, "हे बघा. इथं लिहिलंय. बरोबर तिचंच आहे." दादांना मराठी सहीपुरतं यायचं. तरी ते पुढे वाकले, सरांच्या बोटाखाली बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय. दिसतंय."

मग सरांनी मला बाहेर बोलावलं. "तुझा चाचणीचा पेपर आहे का?"

मी आईकडे पाहिलं. आईने जीभ चावली. त्या पेपरात तिने सुकट बांधून शिंकाळ्यात ठेवली होती. तिने पुडी सोडली, सुकट सुपात ओतली आणि कागद झटकून सरांसमोर धरला. आयुष्यात कधी मासळीला शिवले नव्हते सर. त्यांनी तो कागद मांडीवर घेतला, तळहाताने सपाट केला, लाल पेन काढून माझ्या वाक्यावरची फुली खोडली, अर्धा मार्क वाढवला, बेरीज बदलली आणि खाली सही केली. सगळ्या घराला सुकटीचा वास सुटला होता. सरांनी नाकही मुरडलं नाही.

"शाळा उघडली की हे वर्गासमोर सांगायचंय," ते मला म्हणाले. "तू पुढे येऊन उभी राहायचंस."

मी खाली बघितलं. दादा म्हणाले, "ती न्हाई यायची आता गुरुजी. शाळा सोडली तिनं."

सरांना हे माहीत नव्हतं. सुट्टी होती, त्यांना कळणार तरी कसं? "का सोडली?" त्यांनी विचारलं. शेवटी आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "त्या क्यासापायीच की."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मला वाटलं आता दादांना उपदेश करतील. मुलींचं शिक्षण, वगैरे. गावात भाषण करायला येणारे सगळे तेच करत. सर म्हणाले, "मग माझी मोठी पंचाईत झाली."

"ती कशी?" दादा म्हणाले.

"चूक मी वर्गासमोर काढली. दुरुस्तीही वर्गासमोरच करायला पाहिजे. आणि जिची चूक काढली तीच समोर नसेल तर मी माफी कुणाची मागू? बाकाची? एक दिवस पाठवा तिला. एकच. माझं काम झालं की घेऊन जा."

दादांनी कधी कुणा मास्तरला माफी मागायला जागा शोधताना पाहिलं नसेल. ते माझ्याकडे वळले. "जाशील का एक दिस?"

मी मान हलवली.

शाळा उघडली त्या दिवशी दादा स्वतः मला घेऊन आले. संध्याकाळी परत न्यायचं होतं म्हणून ते थांबले, वर्गाच्या दाराबाहेर, टोपी हातात घेऊन. सरांनी मला फळ्याजवळ उभं केलं. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात माझं वाक्य लिहिलं, एस सकट, भाकरी सकट. वर्गात खसखस सुरू झाली तेव्हा सर म्हणाले, "वह्या काढा. लिहा. 'हे वाक्य बरोबर आहे. सर चुकले होते.'" वह्या उघडल्या, पण पेनं हलेनात. आमच्या शाळेत असलं वाक्य कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं. सर माझ्याकडे वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "मी चुकलो. तुला त्रास झाला. माफ कर." मी "येस सर" म्हणाले.

तो तांदूळ मोजणारा मुलगा मागून उठला. "सर, मंग क्यास मोजायचं का न्हाई मोजायचं?"

"डोक्यावर असेपर्यंत नाही मोजायचे," सर म्हणाले. "ताटात आला की मोजायचा."

या एका वाक्याने माझं नाव पुसलं गेलं. वर्ग हसला तो या उत्तराला, आणि त्यात मीही हसले. पुढे कुणी मला टू हेअर म्हटल्याचं आठवत नाही.

शाळा सुटल्यावर मी दप्तर घेऊन दादांजवळ गेले. सर दारातच होते. दादा निघायच्या ऐवजी रेंगाळले. टोपी घातली, काढली.

"गुरुजी, उद्याच्याला काय शिकवनार हाय?"

सरांनी एकदा दादांकडे नीट पाहिलं. "उद्या फिश."

"म्हंजी मासं?"

"मासे. एक असला तरी फिश, शंभर असले तरी फिश. मोजायचे, पण एस लावायचा नाही."

दादांना हे पटेना. "शंभराला बी त्येच? आवो, आमी तर कटला येगळा म्हनतो, मरळ येगळी म्हनतो."

"तेच उद्या सांगायचंय. निरनिराळ्या जातींचे असले तर कधी कधी फिशेस म्हणतात."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग उद्याचा दिस राहू द्या तिला. माशाचं तरी नीट कळू द्या." आणि तेवढं बोलून ते गाडी पकडायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी फिश घेतलं, हे खरं. पण वर्गात जाऊन मी आदल्या दिवशीच्या फळ्याचा कोपरा पाहिला. दुसऱ्या दिवसाचा विषय म्हणून सरांनी आदल्या सकाळीच तिथे लिहून ठेवलं होतं: 'फर्निचर'.

राहायचा प्रश्न होताच. दादा गेले त्याच संध्याकाळी सर मला घेऊन मावशीकडे गेले होते. मावशी दारात कमरेला हात लावून उभी. सर म्हणाले, "ताई, तुमच्या भाचीचं वाक्य बरोबर होतं. मीच चुकीची दुरुस्ती केली."

"बरोबर व्हतं म्हंजी?" मावशीचा आवाज चढला. "माझ्या भाकरीत क्यास व्हता, ह्ये बरोबर?"

सर गडबडले. त्यांना तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. "व्याकरण बरोबर होतं," ते म्हणाले. "केसाचं मला माहीत नाही."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला अचानक हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली. मग म्हणाली, "व्हता. त्या दिशी न्हाऊन तशीच भाकरी थापाया बसले व्हते. बसा सर, ज्येवून जा." सर जेवले. मावशीने सवयीने त्यांची भाकरीही उजेडाकडे धरून बघितली.

दुसऱ्या दिवसाचा तिसरा झाला, मग आठवडा, मग दहावी. तुळशीच्या लग्नानंतर यायचे ते पावणे आले नाहीत. दादांनीच निरोप पाठवून नको म्हणून कळवलं. बारावी मी नारायणगावला केली, पदवी मंचरला. आज मी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. दिवसभर इंग्रजी मेल लिहिते.

त्या दिवाळीनंतर सरांना एक नवाच नाद लागला. आपण आजवर काय काय चुकीचं शिकवलं, ते शोधायचं आणि ज्याला शिकवलं त्याला जाऊन सांगायचं. रविवारी पिशवी घेऊन निघत. पिंपरी पेंढारला एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या वखारीत जाऊन, 'तुला आठवीत फ्रूटला कधीच एस लागत नाही असं सांगितलं होतं, पण कधी कधी लागतो' म्हणून सांगून आले. त्या माणसाला आठवी आठवत नव्हती, फ्रूटही नाही. पण त्याने हमाली थांबवून सगळं ऐकून घेतलं. हॉटेलवाल्याचीही एक दिवस माफी मागितली. हॉटेलात बसलेला इंग्रज खुशाल 'टू टीज' म्हणतो, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. हॉटेलवाला म्हणाला, "सर, ह्ये मी धा वर्सं सांगतोय."

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेत कार्यक्रम झाला. दादा खास डिंभ्याहून आले होते. गावातले एक पुढारी भाषणात म्हणाले, "सरांचे या गावावर अगणित उपकार आहेत." सर खुर्चीतूनच म्हणाले, "उपकार काउंटेबल आहेत. मोजायचा कंटाळा आला की माणूस अगणित म्हणतो." मग स्वतः उभे राहून त्यांनी गावाने आपल्यावर केलेले उपकार मोजायला सुरुवात केली. बोटं मोडत, नावानिशी. कुणी ओढ्याला पाणी आलं असताना सायकल डोक्यावर घेऊन पलीकडे नेली होती. कुणी काकूंच्या आजारपणात आठ दिवस दूध पोचवलं होतं. सतरा निघाले. सतरावा सांगताना त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "आणि त्या गृहस्थांनी मला चूक दुरुस्त करायला एक दिवस दिला."

दादा शेजारच्याला कुजबुजले, "म्या कसला उपकार क्येला? कायतरीच." पण घरी जाईपर्यंत त्यांनी टोपी तीनदा नीट केली.

सर आता सत्तरीच्या पुढे आहेत. ऐकायला जरा कमी येतं, नजर मात्र शाबूत. यंदा शाळा उघडायच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात नववीचं एक नवंकोरं इंग्रजी गाईड. सत्तेचाळिसाव्या पानावर उत्तरात छापलं होतं: 'मेनी इन्फर्मेशन्स'. त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या फोनवरून प्रकाशकाला मेल लिहिला. चार दिवसांनी उत्तर आलं: चूक दाखवल्याबद्दल आभार, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. मला आनंद झाला. मी सकाळी कामावर जाता जाता ते वाचून दाखवायला गेले.

सरांनी ऐकून घेतलं. "म्हणजे येणार नाहीत?"

"कोण?"

"ते. छापणारे. एवढी पोरं चुकीचं शिकणार. कुणीतरी यायला हवं होतं."

मग उठून चपला घातल्या आणि म्हणाले, "स्कूटी आणलीस ना? चल."

नारायणगावच्या पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात त्या गाईडचा गठ्ठा दारातच होता. सरांनी स्टूल ओढलं, पहिली प्रत उघडली, सत्तेचाळिसावं पान काढलं आणि लाल पेनाने 'मेनी' खोडून वर 'मच' लिहिलं. शेवटचा एसही खोडला. दुकानदार धावत आला.

"आवो सर, नवी पुस्तकं हायेत! गिऱ्हाईक म्हनंल, जुनं दिलं."

"चुकीचं नवं देण्यापेक्षा बरोबर जुनं दे," सर म्हणाले आणि दुसरी प्रत उघडली.

दुकानदाराने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आली आणि तेच गाईड मागितलं. मुलीने वरची प्रत उघडून पाहिली. "आई, यात पेनाने लिहिलंय."

दुकानदाराने ती प्रत हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "ती दुरुस्त केल्याली कॉपी हाय, ताई. सरांच्या हातची. दुसऱ्या दुकानात मिळायची न्हाई."

बाईने सरांकडे बघितलं, प्रत पिशवीत टाकली आणि गेली. दुकानदाराने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, जमिनीवर मांडी घातली आणि अर्धा गठ्ठा स्वतःपुढे ओढला. "पान कितवं म्हनलात सर?"

"सत्तेचाळीस."

अर्ध्या तासात गठ्ठा संपला. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि मला विचारलं, "मंचरला हे गाईड कुणाकुणाकडे असेल?"

मी बाजूला जाऊन ऑफिसला फोन केला आणि आजची सुट्टी टाकली.